ऑटिझम असलेल्या माणसासाठी जागा 'सोयीची' करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

गेल्या वर्षी माझा भाचा पंधरा वर्षांचा झाला आणि आधारचं बायोमेट्रिक अपडेट करायची वेळ आली. ते पाचव्या वर्षी एकदा आणि पंधराव्या वर्षी एकदा करावंच लागतं, बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन, फोटो, सगळं परत. ताई म्हणाली तू पण चल, दोघं असलेलं बरं. भाच्याला ऑटिझम आहे, तोंडाने फार कमी बोलतो, टॅबवर टाईप करून सांगतो. केंद्रात गेलो तर बारकी खोली, तीस-चाळीस माणसं, दर दोन मिनिटांनी टोकनची टिंग, कोणाचं तरी बाळ रडतंय, आणि डोक्यावर एक जुना पंखा. पहिली वीस मिनिटं तो ठीक होता, म्हणजे आम्हाला ठीक वाटला. मग कानावर हात गेले, मग पुढे-मागे डुलणं सुरू झालं, मग डुलण्याचा वेग वाढला. ताईने काउंटरवर जाऊन विचारलं की आम्हाला थोडं आधी घेता का, नाहीतर आम्ही बाहेर थांबतो, नंबर आला की हाक मारा, तर उत्तर आलं सगळ्यांना लाईन सारखीच, बाहेर गेलात तर नंबर जाईल. त्यानंतर पाच मिनिटांत तो फरशीवर बसून ओरडत होता आणि स्वतःच्या हाताला चावत होता. एका काकांनी सल्ला दिला, "एक ठेवून द्या, गप बसेल." काम न करताच परत आलो. ताई रिक्षात एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तेव्हा एका मित्राने अगदी मनापासून विचारलं, "व्हीलचेअरवाल्याला रॅम्प लागतो ते कळतं रे, दिसत नाही त्याला ब्रेल लागतं ते पण कळतं, पण ऑटिझमवाल्यांना द्यायचं काय असतं नक्की?" प्रश्न चांगला होता आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. त्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा सुगम्यतेवरचा मोठा निकाल आल्यापासून 'सुगम्य', 'ॲक्सेसिबल' असले शब्द सारखे कानावर पडतात आणि बहुतेकांच्या डोळ्यासमोर फक्त रॅम्प आणि लिफ्ट येते. म्हणून हे सगळं सुरुवातीपासून लिहितोय.

## आधी ऑटिझम म्हणजे काय ते

ऑटिझम हा रोग नाही, तो कोणाला लागत नाही आणि औषधाने जात नाही. मेंदूची घडणच लहानपणापासून वेगळ्या पद्धतीने होते, त्यामुळे आवाज-उजेड-स्पर्श समजून घेणं, बोलणं, दुसऱ्याचे इशारे ओळखणं, अचानक झालेला बदल पचवणं, हे सगळं वेगळ्या रीतीने चालतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. म्हणजे तुमच्या सोसायटीत शंभर-सव्वाशे माणसं राहत असतील तर तिथे कोणीतरी असण्याची बरीच शक्यता आहे, तुम्हाला माहीत असो-नसो.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. शब्द रुळलाय, सरकारी कागदावर पण तोच आहे, पण मला तो कधीच पटला नाही, कारण त्यातून असं वाटतं की हा माणूस स्वतःतच गुंग आहे, बाहेरच्या जगाशी त्याला देणंघेणं नाही. भाच्याच्या बाबतीत मी रोज बघतो ते उलटं आहे, बाहेरचं जग त्याच्यापर्यंत फार जास्त पोचतं.

यात 'स्पेक्ट्रम' हा शब्द पण येतो आणि लोकांना वाटतं ती फूटपट्टी आहे, इकडे थोडा ऑटिझम आणि तिकडे खूप. तसं नसतं. घरातला मिसळणाचा डबा आठवा. सात वाट्या, आणि प्रत्येक घरात प्रत्येक वाटी वेगळी भरलेली, कुणाकडे हळद काठोकाठ आणि मोहरी तळाला, कुणाकडे उलटं. तसंच एखादा अस्खलित बोलतो, इंजिनिअर आहे, पण ट्यूबलाईटच्या खोलीत दहा मिनिटं बसू शकत नाही. दुसरी एक अजिबात बोलत नाही पण गर्दीत मजेत असते. एका वाटीवरून अख्खा डबा ओळखता येत नाही, आणि आपण नेमकं तेच करतो, "चांगलं बोलतो की, मग कसला ऑटिझम?"

## गर्दीत नेमकं होतं काय

आपल्या मेंदूत एक चाळणी असते. चहाच्या टपरीवर तुम्ही मित्राशी बोलताय, मागे बस हॉर्न मारतेय, स्टोव्ह फरफरतोय, कोणीतरी कपबश्या आपटतंय, पण तुम्हाला मित्राचं बोलणं ऐकू येतं कारण बाकीचं ती चाळणी न सांगता मागे ढकलते. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांची ही चाळणी वेगळी चालते. सगळं एकदम, एकाच आवाजात, पुढच्या रांगेत येऊन बसतं.

कसं वाटत असेल? लग्नात बँडच्या शेजारी उभं राहून फोनवर कोणीतरी सांगत असलेला ओटीपी ऐकायचा प्रयत्न केलाय कधी? दोन मिनिटांत डोकं ठणकायला लागतं आणि कोणी मध्ये बोललं की आपण खेकसतो. ते दोन मिनिटांचं दोन तास करा, त्यात वरून डोळ्यात लुकलुकणारी ट्यूब घाला, खांद्याला खांदा लागतोय तो घाला. याला सेन्सरी ओव्हरलोड म्हणतात, इंद्रियांवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार.

आणि हा भार साठत जातो. नळाखाली बादली ठेवलीय असं समजा. सकाळी शाळेची बस चुकली तेव्हा थोडी भरली, नवीन शर्टचं लेबल मानेला टोचत होतं तेव्हा थोडी, रिक्षावाल्याने मोठ्याने गाणी लावली तेव्हा अजून. केंद्रात पोचेपर्यंत ती काठाशी आलेली असते, मग टोकनची एक टिंग पुरते. बघणाऱ्याला वाटतं एवढ्याशा आवाजाला एवढं काय झालं.

बादली सांडते त्याला मेल्टडाउन म्हणतात. हा हट्ट नव्हे, आणि फरक ओळखणं तसं सोपं आहे. हट्ट करणारं मूल मध्येच डोळ्याच्या कोपऱ्यातून आई बघतेय का ते बघतं आणि चॉकलेट मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमधल्या मुलाला (मोठ्या माणसालाही होतो) तुम्ही अख्खं दुकान दिलंत तरी थांबता येत नाही, शरीरच ताब्यात नसतं, संपल्यावर तो थकून झोपतो आणि कित्येकदा त्याला फार लाज वाटत असते. काही जणांचं बाहेर काहीच दिसत नाही, ते आतल्या आत बंद पडतात, बोलणं थांबतं, पाय हलत नाहीत. असा माणूस लाईनमध्ये खांबासारखा उभा राहिला की मागचे ढकलतात.

डुलणं, हात फडफडवणं, एकच शब्द परत परत म्हणणं, हे जे दिसतं त्याला स्टिमिंग म्हणतात. ते बादलीखालचं भोक आहे, त्यातून थोडं पाणी निघून जातं. आपण "ए नीट उभा राहा" म्हणून ते भोक बुजवतो.

एक गोष्ट मला स्वतःला खूप उशिरा कळली. सार्वजनिक स्वच्छतागृहात हात सुकवायचं ते गरम हवेचं मशीन असतं ना, कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने अशी बरीच मशीनं लहान मुलांच्या कानाच्या उंचीवर मोजली आणि त्यातली काही १०० डेसिबलच्या वर निघाली, तिचा तो अभ्यास २०१९ मध्ये बालरोगाच्या जर्नलमध्ये छापून आला. मोठ्या माणसाचा कान वर असतो, मुलाचा कान बरोबर मशीनच्या तोंडाशी. आमचा भाचा मॉलमध्ये लघवी दाबून धरायचा आणि आम्ही वर्षभर समजत होतो की त्याला अस्वच्छतेची किळस येते.

## कायद्यात हे आहे का?

आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात फक्त ७ प्रकारची अपंगत्वं होती, ऑटिझमचं त्यात नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आला, पण सगळीकडे लागू होणारा हक्क म्हणून तो आला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत. आणि यात अडथळ्याची व्याख्या फक्त पायऱ्या आणि अरुंद दार एवढीच नाही, संवादातला अडथळा, वातावरणातला, संस्थेच्या पद्धतीतला, लोकांच्या वृत्तीतला अडथळा, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. "बाहेर गेलात तर नंबर जाईल" हा पद्धतीतला अडथळा झाला आणि "एक ठेवून द्या" हा वृत्तीतला.

आता दोन शब्द नीट समजून घेऊ, त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक सुगम्यता आणि दुसरी वाजवी सोय.

तुमच्या घरी कार्य आहे आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी आलीय. कोणी सांगायच्या आधीच तुम्ही आचाऱ्याला सांगता की साबुदाण्याची खिचडी पण ठेव, कारण दोनशे माणसांत उपास करणारे असणारच, कोण ते माहीत असायची गरज नाही. ही सुगम्यता, आधीपासून सगळ्यांसाठी केलेली. मग पंगतीत एक पाहुणा हळूच सांगतो की मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, खिचडीत कूट आहे. तुम्ही त्याच्यासाठी थोडी वेगळी काढून आणता. ही वाजवी सोय, एका माणसाने सांगितल्यावर त्याच्यापुरती केलेली. चांगल्या घरात दोन्ही होतं. खिचडीच ठेवली नाही तर उपासवाल्या चाळीस जणांना एकेक करून स्वयंपाकघरात जाऊन मागावं लागेल, आणि बरेच जण लाजेने न मागता उपाशी परत जातील.

८ नोव्हेंबर २०२४ चा निकाल याच फरकावर उभा आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन व्यक्तीने २००५ मध्ये याचिका केली होती. कोर्टाने म्हटलं की कायद्याची भाषा सक्तीची आहे, पण त्याखालच्या नियमांपैकी नियम १५ मध्ये सुगम्यतेची मानकं निव्वळ शिफारस असल्यासारखी दिली आहेत, हे कायद्याशी विसंगत आहे, म्हणून तो नियम टिकणार नाही, आणि पाळलेच पाहिजेत असे किमान नियम केंद्र सरकारने तीन महिन्यांत बनवावेत. सुगम्यता आधीपासून हवी आणि वाजवी सोय ही तिच्या जोडीला हवी, एक आहे म्हणून दुसरी टाळता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आलंय.

'वाजवी' शब्दाला अर्थ आहे बरं का. सोय देणाऱ्यावर अवास्तव बोजा पडत असेल तर कायदा ती मागत नाही. आपल्यासाठी अख्खी बँक रिकामी करा असं कोणी म्हणू शकत नाही. पण नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसू देणं यात कसला बोजा?

## मग द्यायचं काय असतं?

मित्राचा मूळ प्रश्न हाच होता. आणि उत्तर ऐकून त्याला जरा आश्चर्यच वाटलं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आधी सांगणं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना गर्दीइतकंच पुढे काय होणार हे माहीत नसणंही छळतं. आपण पण अंधाऱ्या जिन्यावर पाय जपूनच टाकतो की. वेबसाईटवर नाहीतर दारावर चार-पाच फोटो लावा, हे दार, इथे टोकन, इथे बसायचं, या मशीनमध्ये डोळे ठेवायचे, मग झालं. ताई घरी असले फोटो छापून चिकटवते आणि दोन दिवस आधीपासून त्याला दाखवते, पण त्यासाठी तिला आधी एकटीने तिथे जाऊन चोरून फोटो काढावे लागतात, हे ठिकाणाने स्वतः करायला हवं ना?

दुसरं, थांबण्याबद्दल. 'थोडा वेळ' हा शब्द भाच्याच्या उपयोगाचा नाही, किती थोडा? त्याला 'अजून सहा माणसं' सांगितलं तर तो मोजत बसतो, शांत असतो. नंबर आल्यावर मोबाईलवर मेसेज जाणं, बाहेर थांबायची मुभा, सकाळची पहिली वेळ देणं, हे तिन्ही मिळालं तर अर्धी लढाई तिथेच संपते. हॉस्पिटलच्या ओपीडीत, दाताच्या डॉक्टरकडे, पासपोर्टला, सगळीकडे हेच. मला वाटतं एकच गोष्ट मागायची झाली तर मी ही मागेन.

मग आवाज आणि उजेड. लुकलुकणारी ट्यूब बदला, स्पीकरचा आवाज कमी करा, टीव्ही बंद करा जो तसाही कोणी बघत नसतो. न्यूझीलंडमध्ये २०१९ मध्ये एका मोठ्या सुपरमार्केट साखळीने आठवड्यातून एक तास शांत तास म्हणून सुरू केला, दिवे मंद, गाणी बंद, घोषणा नाहीत. ब्रिटनच्या मानक संस्थेने २०२२ मध्ये वेगवेगळ्या मेंदूंच्या माणसांसाठी इमारत कशी असावी यावर अख्खी मार्गदर्शिकाच काढली, त्यात रंग, आवाज, उजेड, फरशीवरची नक्षी इथपर्यंत आहे. आपल्याकडे २०२१ ची सुगम्यतेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण प्रत्यक्ष इमारतीत शिरल्यावर आपल्याला दिसतो तो रॅम्पच, तोही कित्येकदा दुचाक्या लावलेला.

आणि बोलण्याची साधनं. जे तोंडाने बोलत नाहीत त्यांच्यातले बरेच जण टॅबवर चित्रं दाबून किंवा टाईप करून बोलतात. कित्येक देवळांत आणि काही सरकारी इमारतींत मोबाईल-टॅब बाहेर जमा करावा लागतो. नियम ठीक आहे, पण भाच्याचा टॅब काढून घेणं म्हणजे त्याचं तोंड बांधून आत पाठवणं आहे. कानावरचे हेडफोन काढायला लावतात ते पण तसंच, तो गाणी ऐकत नसतो, ते आवाज अडवायचे हेडफोन असतात. तिथे उभ्या असलेल्या गार्डला एवढी एक गोष्ट कोणीतरी सांगून ठेवली की झालं.

## "पण बघून तर काहीच वाटत नाही"

हे वाक्य प्रत्येक घराने ऐकलंय. भाचा आता उंच झालाय, मिसरूड फुटलंय, त्याला लाईनमध्ये पुढे घेतलं की मागचे म्हणतात धडधाकट पोरगा आहे. मग ताईला भर गर्दीत, त्याच्यासमोर, मोठ्याने सांगावं लागतं की त्याला अमुक आहे. तो सगळं ऐकतो, त्याला सगळं समजतं. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं.

दाखवायला कार्ड आहे, यूडीआयडी नावाचं, सरकारी दिव्यांग ओळखपत्र. ऑटिझमसाठी 'आयसा' नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, त्यावरून टक्केवारी ठरते, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षणासारखे बरेच फायदे लागू होतात. पण भेदभाव न होण्याचा हक्क त्या ४० टक्क्यांवर अवलंबून नाही. आणि ज्यांना तिशी-चाळिशीत कळतं की आपल्याला ऑटिझम आहे, त्यांच्या हातात कुठलाच कागद नसतो.

यावर एक साधी युक्ती निघाली ती लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर, २०१६ मध्ये. हिरव्या रंगाची गळ्यात घालायची पट्टी, त्यावर सूर्यफुलं. ती घातलेल्या माणसाला बाहेरून न दिसणारं काहीतरी अपंगत्व आहे आणि त्याला थोडा वेळ, थोडी मदत लागू शकते, एवढंच ती सांगते, काय आहे ते विचारायची गरज नाही. आता ती जगभर बऱ्याच विमानतळांवर चालते, आपल्याकडे बंगळुरूच्या विमानतळाने पण ती घेतलीय आणि तिथे शांत सेन्सरी खोलीही आहे. मला ही पट्टी आवडते कारण ताईला ओरडून सांगायची वेळ येत नाही. मात्र कर्मचाऱ्यांना तिचा अर्थच माहीत नसेल तर ती नुसती गळ्यातली पट्टी आहे.

## "एकासाठी सगळ्यांनी का बदलायचं?"

एकासाठी नाहीच आहे हे. कमी आवाजाची, स्पष्ट पाट्यांची, कधी नंबर येणार ते सांगणारी जागा कोणाला नको असते? कानात मशीन घातलेल्या आजींना गोंगाटात काहीच ऐकू येत नाही, अर्धशिशी असलेल्यांना लुकलुकणारी ट्यूब जड जाते, तान्हं बाळ घेऊन आलेली बाई, पहिल्यांदाच गावाहून आलेला माणूस ज्याला कुठल्या खिडकीवर जायचं ते कळत नाही. रॅम्पवरून चाकाची बॅग ओढत नेणारे आपण सगळेच आहोत.

मग येतो सणांचा मुद्दा, आणि तो टाळून चालणार नाही. "म्हणजे आता गणपती पण वाजवायचे नाहीत का?" असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण भाच्याला गणपती फार आवडतात. घरच्या आरतीत तो टाळ वाजवतो, झांज त्याच्याच हातात असते म्हणून ती त्याला चालते, कधी वाजणार ते त्याला माहीत असतं. त्रास होतो तो भिंतभर लावलेल्या स्पीकरचा, ज्याने खिडकीच्या काचा थरथरतात. त्यासाठी ऑटिझमचा वेगळा कायदा लागतच नाही, ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते पाळले तरी पुष्कळ झालं. आणि मंडळाने मिरवणूक आपल्या गल्लीत अंदाजे किती वाजता येणार ते ग्रुपवर टाकलं तर ताई त्याला त्या दोन तासांसाठी मावशीकडे घेऊन जाऊ शकते. आमच्या इथल्या मंडळाच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांनी गेल्या वर्षी खरंच टाकलं, कोणीही वाकडं बोललं नाही.

## "एवढा त्रास होतो तर घरीच का नाही ठेवत?"

हे कोणी तोंडावर म्हणत नाही, पण नजरेतून कळतं. कधीकधी व्यवस्थाच ते म्हणून टाकते. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर अपंगत्व असलेल्या एका मुलाला, तो घाबरलाय आणि इतर प्रवाशांना धोका आहे असं म्हणून विमानात चढूच दिलं नाही, तेही बाकीचे प्रवासी मध्ये पडून त्याच्या बाजूने बोलत असताना. नंतर डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या विमान कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि जुलैमध्ये नियम बदलले, अपंगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारायचा नाही, प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरचं लेखी मत घ्यायचं.

घरी ठेवून काय होतं ते मी जवळून बघितलंय. करोनानंतर जवळजवळ दोन वर्षं भाचा फारसा बाहेर पडला नाही, आणि त्याच्याबरोबर ताई पण पडली नाही. तिची नोकरी गेली, मैत्रिणी तुटल्या. त्याला बसचं तिकीट काढता येत होतं ते विसरला. एक माणूस घरात राहतो तेव्हा घर एका माणसाने लहान होत नाही, दोघांनी होतं.

याच्या शेजारचाच एक मुद्दा, "सवय लावा, हळूहळू जमेल." थोडं खरं आहे, आपल्या वेगाने, तयारी करून, परत निघायची मुभा ठेवून नवीन जागेची सवय होते. पण ट्यूबच्या लुकलुकीची सवय होत नाही, तो फक्त त्रास लपवायला शिकतो. ऑटिझम असलेले किती तरी मोठे लोक सांगतात की दिवसभर ऑफिसात सगळ्यांसारखं दिसायची धडपड करून घरी आल्यावर त्यांच्यात बोलायचीही ताकद उरत नाही.

## सेन्सरी खोली बांधली की संपलं?

नाही, आणि इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांशी थोडं वाकडं बोलायचंय. शांत खोली चांगलीच, पण जागोजागी ती एक फॅशन होऊन बसली तर काय होईल ते सांगतो, त्रास सुरू झाला की मुलाला उचलून त्या खोलीत नेऊन ठेवतील आणि बाहेरचा गोंगाट आहे तसाच राहील. खोलीचं दार आतून उघडता आलं पाहिजे आणि जायचं की नाही ते त्या माणसाने ठरवलं पाहिजे, नाहीतर ती शिक्षेची खोली झाली.

शिवाय गरजा एकमेकांच्या आड येतात हे पण मान्य करायला हवं. मंद उजेड भाच्याला बरा, पण कमी दिसणाऱ्या माणसाला त्याच उजेडात पायरी दिसत नाही. घोषणा बंद केल्या तर दृष्टिहीन प्रवाशाला स्टेशन कोणतं ते कळणार कसं? एका मुलाला शांतता हवी आणि दुसरा स्वतःच मोठमोठ्याने आवाज काढून स्वतःला सावरतो, दोघांनाही ऑटिझमच आहे. यावर एकच ठराविक नकाशा नाही, म्हणून तर सुगम्यतेच्या जोडीला वाजवी सोय लागते, आणि म्हणूनच त्या माणसाला विचारावं लागतं.

विचारायचं आम्हीही विसरलो होतो. केंद्रातून परत आल्यावर मी आणि ताई ठामपणे म्हणत होतो की गर्दी आणि टोकनच्या आवाजाने झालं. तीन दिवसांनी भाच्याने जेवताना टॅब ओढून घेतला आणि एकच शब्द टाईप केला, "पंखा". तो जुना पंखा प्रत्येक फेरीला टक करायचा, अधूनमधून ती टक चुकायची, आणि तो पुढची टक कधी येणार याची वाट बघत बसला होता.

दुसऱ्या खेपेला आम्ही दुसऱ्या केंद्रात गेलो, आदल्या दिवशी मी जाऊन तिथल्या मॅडमना सांगून आलो. त्यांनी सकाळी उघडायच्या वेळेला बोलावलं, पंखा बंद केला, डोळ्यांचं मशीन आधी त्याच्या हातात दिलं, त्याने ते उलटसुलट करून बघितलं, वास घेतला, मग स्वतःच डोळ्यांना लावलं. पंधरा मिनिटांत काम झालं.

## मागायचं कसं

सोय आधी लेखी मागा, तोंडी मागितलेली काउंटरवरचा माणूस बदलला की हवेत जाते. अर्ज लांब नको. कोणाला काय आहे, कोणत्या दिवशी येणार, काय हवं ते दोन-तीन ओळींत, आणि खाली '२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार वाजवी सोय मिळावी' एवढं. 'सहकार्य करावे ही नम्र विनंती' आम्ही सुरुवातीला लिहायचो, आता लिहीत नाही. पोच घ्या, नाहीतर ईमेल करा. नकार आला तर तोही लेखी मागा, निम्म्या वेळा इथेच गाडी रुळावर येते. नाहीच आली तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तक्रार तिथे करता येते. २०२२ च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग पण आहे. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे अर्जात लिहायची गरज नाही, पण आपल्याला माहीत असावं.

पुढच्या आठवड्यात भाच्याचं बँकेत खातं उघडायचंय. त्याचा अर्ज काल रात्री मी आणि ताईने लिहिला, सकाळची पहिली वेळ, बाहेर थांबायची परवानगी, टॅब आणि हेडफोन जवळ ठेवायची परवानगी. लिहून झाल्यावर ताईने तो भाच्याला वाचायला दिला. त्याने बराच वेळ बघितला आणि खाली स्वतःची एक ओळ टाईप केली, "पंखा बंद. मी सही करणार." ती ओळ तशीच ठेवून प्रिंट काढलीय.